खोक्यावरची माळ

"'जरा जड वाटतंय' म्हणजे काय रे? किती जड? किलोत सांगा म्हणावं. पाव किलो जास्त झालं असेल तर पाव किलो काढून टाकते!"

प्रतिभा साळवेचा चहाचा कप ओठांपाशी आला होता, तो तिथंच थांबला. स्टाफरूम आणि कॉम्प्युटर लॅबच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे कुणी नाक ओढलं तर अलीकडच्यानं रुमाल शोधावा, इतकं पातळ.

"मग मॅडमनाच विचार की, सायली," तिच्याच वर्गातल्या बंटीचा आवाज आला.

"विचारलं ना. 'बघ जरा' म्हणाल्या. काय बघू? महिनाभर तेच बघतेय. कुंदन सर म्हणतात रंग कमी कर, मॅडम म्हणतात भाव आण, तू म्हणतोस उजेड टाक. सगळे बोलतात, पण कुणाचंच काही कळत नाही. सरळ सांगायला यांना काय होतं रे?"

बंटी एरवी कुणाला बोलण्यात हार जाणारा नव्हता. या प्रश्नाला मात्र त्याच्या खुर्चीचं चाक तेवढं करकरलं.

प्रतिभानं चहा प्यायला. गार झाला होता. सायलीच्या बोलण्याचा तिला राग आला नाही. राग यायला बोलणं खोटं असावं लागतं.

खरं तर सरळ बोलणं हीच तिची कमाई होती. डिझाइनची डिग्री तिच्याजवळ नव्हती. रविवार कारंज्याजवळच्या एका प्रेसमध्ये तिनं बावीस वर्षं काढली. सुरुवातीला लग्नपत्रिकांना गोंडे चिकटवायची. मग ऑपरेटर दुपारी जेवायला घरी गेला की त्याच्या कॉम्प्युटरवर बसून एकेक बटण दाबून बघायची. त्याचं जेवण आणि डुलकी मिळून दीड तास व्हायचा. त्या दीड-दीड तासांवर ती शिकली. पुढे पत्रिका, हळदीकुंकवाची कार्डं, चौदा एप्रिलचे बॅनर, नगरसेवकांचे वाढदिवस, सगळं तिच्या हातून गेलं. एकदा एका मामांना तिनं तोंडावर सांगितलं होतं, "मामा, पत्रिकेत नवरीपेक्षा तुमचं नाव मोठं झालंय. लग्न कुणाचंय?" मामा हसले होते आणि नाव बारीक करून घेतलं होतं.

इन्स्टिट्यूटनं तिला आठवड्यातून तीन दिवस बोलवायला सुरुवात केली ती यासाठीच. पोरांना सॉफ्टवेअर सगळं येत होतं, पण कागदावर कुठं थांबायचं ते येत नव्हतं. आणि ते सांगणारी ही बाई आता एका खोक्यापुढं मुकी झाली होती.

खोकं होतं सायली काकडचं. दुसऱ्या वर्षाला एक प्रोजेक्ट असे: एखादा खराखुरा धंदा घ्यायचा, त्याच्या मालाचं पॅकिंग करायचं, आणि शेवटच्या दिवशी त्या धंद्याच्या मालकाला वर्गात आणून दाखवायचं. मालकानं सही केली तर पास. सायलीचा पहिला रिव्ह्यू ऑगस्टमध्ये हुकला होता. येता शनिवार ही तिची शेवटची संधी होती. त्या दिवशी सही झाली नाही, तर वर्ष गेलं.

धंदा तिनं घरचाच घेतला होता. मखमलाबादला त्यांचा झेंडू. दसऱ्याला फ्लॅटमधल्या लोकांसाठी एक खोकं: आत सुटी फुलं, एक तयार तोरण, आंब्याची पानं. कल्पना चांगली होती. खोकंही चांगलं होतं. झाकण उघडलं की चारी बाजू पाकळ्यांसारख्या पसरायच्या. प्रतिभानं ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मनात म्हणाली, पोरीला हात आहे.

मग तिनं झाकणावर पाहिलं. झाकणावर सायलीच्या वडिलांचा, नवनाथ काकडांचा, फोटो होता. हसरा, मानेपर्यंतचा. आणि फोटोभोवती झेंडूची माळ.

वर्गातल्या अठरा पोरांनी ते पाहिलं आणि अठराही जण एकदम आपापल्या मोबाइलमध्ये गेले. भिंतीवरच्या फोटोला हार कधी चढतो हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

सायलीला ते दिसत नव्हतं. फुलं पिकवणाऱ्या घरात हाराची एवढी नवलाई नसते. त्यांच्याकडे ट्रॅक्टरला हार, वजनकाट्याला हार, विहिरीवरच्या मोटरीला हार, गोठ्यात नवी कालवड आली तर तिलाही हार. हार म्हणजे घरचा माल. मालावर मालकाचा फोटो आणि भोवती माल, यात तिला काहीच वावगं वाटत नव्हतं.

एरवी प्रतिभानं तिथल्या तिथं सांगितलं असतं. पण नवनाथ काकड नागपंचमीच्या आदल्या दिवशी वाफ्यातच कोसळले होते. मग बायपास, मग अठरा दिवस दवाखाना. त्यातले पहिले सहा दिवस डॉक्टर घरच्यांशी बोलताना त्यांच्याकडे न बघता फाइलकडे बघून बोलत होते. सायली लॅपटॉप घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. त्या पोरीला 'यात तुझे वडील गेल्यासारखे दिसतात' हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेव्हा सगळ्यांनी आडून आडून सांगायला सुरुवात केली. आणि सायली गुणी. जे सांगाल ते करणारी.

कुंदन सर हेड होते. पुण्याहून नवे आलेले, वयानं लहान. ते म्हणाले, "व्हिज्युअल नॉइज फार आहे. रंग कमी कर." त्यांच्या मनात माळेचा रंग होता. सायलीनं माळ तशीच ठेवून वडिलांना ब्लॅक अँड व्हाइट केलं.

प्रतिभा म्हणाली, "फोटो काही बसत नाहीये गं. वेगळा विचार कर." तिच्या मनात होतं, फोटोच काढून टाक. सायलीनं वेगळा फोटो आणला. आधार कार्डाच्या वेळचा. गंभीर, सरळ समोर बघणारा. आणि तो बसावा म्हणून त्याला सोनेरी लंबगोल चौकट केली.

बंटी म्हणाला, "जरा उजेड टाक ना यार." सायलीनं डोक्यामागून किरणं सोडली.

मग प्रतिभानं दुसरा प्रयत्न केला. "सणाचं काहीतरी आण. दसऱ्याचं खोकं आहे, प्रसन्न वाटलं पाहिजे." दोन दिवसांनी फोटोच्या दोन्ही बाजूंना दोन समया तेवत होत्या.

खाली ओळ होती, 'ताजा झेंडू, थेट शेतातून'. कुंदन सर म्हणाले, फार कोरडं आहे. प्रतिभा म्हणाली, भाव आण. सायलीनं रविवारभर विचार करून लिहून आणलं, 'सुगंध मागे राहतो'.

ते वाचलं आणि प्रतिभानं डोळे मिटले. आता फक्त तारीख आणि 'शोकाकुल' टाकायचं राहिलं होतं.

हा मजकूर, ही चौकट, ह्या समया तिला तोंडपाठ होत्या. प्रेसमध्ये असल्या बॅनरची तिची एक फाइलच होती. फोटो आणि नाव बदललं की झालं. सात वर्षांपूर्वी स्वतःचा नवरा गेला, तेव्हा तीच फाइल उघडून तिनं त्याच्या जलदान विधीचा बॅनर केला होता. दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. दुपारभर ती अक्षरांमधलं अंतर सारखं करत बसली होती, कारण बाकी काही सारखं होण्यातलं नव्हतं. म्हणून असेल कदाचित, सायलीचं खोकं पाहिलं की तिची जीभ टाळूला चिकटायची.

पार्टिशनपलीकडची कुरकुर ऐकली त्या गुरुवारी मात्र तिनं ठरवलं, आज सांगायचंच. लॅबच्या दारात जाऊन म्हणाली, "सायली, चल, चहा घेऊ."

कोपऱ्यावरच्या टपरीवर दोघी उभ्या राहिल्या. प्रतिभानं घसा साफ केला. "त्या माळेबद्दल बोलायचं होतं."

"आवडली ना मॅडम?" सायलीचा चेहरा उजळला. "एकेक फूल हातानं काढलंय. कॉपी-पेस्ट एकही नाही."

"एकच काढून फिरवलं असतंस तरी चाललं असतं की."

"चाललं असतं. पण वेळ कसा गेला असता?" सायली ग्लासातल्या चहाकडे बघत म्हणाली. "आयसीयूत भेटायला दोनदाच सोडायचे. मधे नुसतं बसायचं. एक फूल नीट काढायला पाऊण तास लागायचा. मी ठरवलं होतं, माळ पूर्ण होईल त्या दिवशी पप्पा घरी येतील. शेवटची चार फुलं मी मुद्दाम हळू काढली. डॉक्टरांनी डिस्चार्ज पुढे ढकलला होता ना."

प्रतिभानं ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला.

"आमच्यात पहिल्या तोड्याची पहिली माळ पप्पा स्वतःच्या गळ्यात घालतात. बाजारात माल जायच्या आधी. आजोबापण घालायचे. यंदा पहिला तोडा झाला तेव्हा पप्पा आयसीयूत. आईनं माळ केलीच नाही, फुलं तशीच क्रेटमध्ये भरून पाठवली. मग म्हटलं, मी करते. गळ्यातच घालणार होते, पण फोटो मानेपर्यंतच होता. खाली जागाच नव्हती. मग फिरवली भोवती." ती हसली. "तुम्ही काय सांगत होता, मॅडम?"

"काही नाही," प्रतिभा म्हणाली. "बिस्किट घे."

शुक्रवारी दुपारी तिनं कुंदन सरांना गाठलं. "उद्या तो माणूस ते बघणार आहे. छातीचे टाके नीट वाळले नसतील अजून. तुम्ही सांगा तिला. तुम्ही हेड आहात."

"मॅडम, तुम्ही सीनियर आहात," कुंदन सर म्हणाले. "आणि तुम्ही बाई आहात. तुमच्याकडून बरं वाटेल."

"वडील मेलेले दिसतात हे बाईकडून बरं वाटतं?"

कुंदन सर लाल झाले आणि अटेंडन्स बघू लागले. शेवटी ठरलं ते असं की शनिवारी तोंडी काही न बोलता गुण चांगले द्यायचे आणि सही लवकर उरकून घ्यायची. दोन शहाण्या माणसांनी मिळून यापेक्षा भित्रा बेत आखला नसेल.

शनिवारी अकराला काकड कुटुंब आलं. इन्स्टिट्यूट दुसऱ्या मजल्यावर. नवनाथराव जिना चढत होते, चार पायऱ्या झाल्या की थांबत होते, आणि ते थांबले की त्यांच्यामागून येणारे सगळे थांबत होते. हातात झेंडूची पिशवी होती. ती कुणाला घेऊ देत नव्हते. शर्ट नवा होता, पण आतला माणूस एका मापानं कमी झाला होता. सायली पुढे होती. वडिलांना तिनं खोकं दाखवलं नव्हतं. सरप्राइज होतं.

लताबाई, तिची आई, मागे राहिल्या आणि प्रतिभाच्या कानाशी आल्या. "मॅडम, ते खोकं... तुम्ही पाह्यलं असंल ना?"

"हो. तुम्ही?"

"लॅपटॉप उघडा व्हता, तवा पाह्यलं. पंधरा दिवस झाले."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलल्या?"

दोघी एकमेकींकडे पाहत एका पायरीवर उभ्या राहिल्या. मग लताबाईंनी पदर सारखा केला आणि प्रतिभानं चष्मा, आणि दोघी वर गेल्या.

वर्गात नवनाथरावांना खुर्ची दिली. त्यांनी पिशवी टेबलावर ओतली. "घ्या रे, पोरांनो, शेतातलीच हाय," म्हणाले. पण फुलाला कुणी हात लावला नाही. सायलीनं रुमालाखाली झाकलेलं खोकं आणलं, त्यांच्या हातात दिलं, रुमाल काढला.



नवनाथरावांनी खोकं उलटं केलं, तळ पाहिला. झाकण उघडलं. चारी बाजू पसरल्या. मिटलं, पुन्हा उघडलं. "हे लय भारी केलं," म्हणाले. मग मिटून त्यांनी झाकण डोळ्यांसमोर धरलं आणि धरूनच ठेवलं.

"काका, यात कसंय," कुंदन सर घाईनं म्हणाले, "एकूण जी व्हिज्युअल लँग्वेज आहे..."

"थांबा, सर." नवनाथरावांनी माळेवरून अंगठा फिरवला. "फुलं तू काढली?"

"हो, पप्पा. एकेक."

"कलकत्ता झेंडू हाय ना? पाकळी बरोबर दुमडली. आपल्या वरच्या वाफ्यातला वाटतो."

सायलीनं सहीचा कागद पुढं सरकवला. "मग सही करता?"

"पेन द्या कुणीतरी."

प्रतिभानं आपलं पेन पुढं केलं. झालं, सुटलो. माणसाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्यानं सोडून दिलं. काही का असेना, सही होतेय. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. उतरता उतरता तिला स्वतःची लाजही वाटली. मामांना बोलणारी बाई कुठं गेली?

पण नवनाथरावांनी पेन सहीच्या कागदावर टेकवलं नाही. खोकंच मांडीवर ठेवलं आणि झाकणावर, फोटोच्या हनुवटीखालून, सरळ रेघ ओढली. ती मान. मग दोन वाकड्या रेघा. ते खांदे. समया त्या खांद्यांखाली दबून गेल्या. मग एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, छातीवरून, एक मोठी लोंबती रेघ.

"फोटो खाली वाढव. खांदे येऊ दे. माळ इथं आण. वरून काढ. दिवे काढ. हे वाक्य बी काढ, पहिलं काय व्हतं, थेट शेतातून, तेच बरं. आन फोटो तो हसायचा घे. हा कोन बसलाय, तलाठी?"

मागे बंटी फुस्सकन हसला आणि लगेच खोकला.

सायलीचा चेहरा पडला. मग तापला. "पप्पा, महिना झाला मी बदलतेय! सर सांगतात, मॅडम सांगतात, अख्खा वर्ग सांगतो. एवढ्या जणांनी एवढं सांगितलं, माळेबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. आणि तुम्ही म्हणता माळ हलव. का हलवू? कारण सांगा. 'बघ जरा' म्हणू नका."

नवनाथरावांनी मान वर केली. एकेकाकडे पाहिलं. कुंदन सर पंख्याकडे बघत होते. बंटी बुटाच्या लेसकडे. लताबाई खिडकीबाहेर. प्रतिभानं मात्र या वेळी नजर खाली घातली नाही.

"सायली," ती म्हणाली, "चूक माझी आहे. पहिल्याच दिवशी मी तुला..." आणि पुढचे शब्द पुन्हा तिथंच अडकले, जिथं सात वर्षं अडकत आले होते.

"राहू द्या, मॅडम," नवनाथराव म्हणाले. "आमच्या घरात तरी कुठं कोन बोलतंय. 'ते झालं तेव्हा' म्हणत्यात. काय झालं त्याचं नाव नाय. सकाळी मी जरा जास्त झोपलो तर ही बाई माझ्या नाकाशी बोट धरून उभी. डोळा उघडला तर म्हणती, माशी बसली व्हती."

"अहो!" लताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आठ दिवसांत पाच माश्या. आन घरात माशी एक नाय."

पदराआडून लताबाईंचे खांदे हलू लागले. आधी वाटलं रडतायत. मग आवाज बाहेर आला, आणि तो हसण्याचा होता. बंटीनं खोकणं सोडून दिलं. मग मागची रांग, मग कुंदन सर, आणि मग प्रतिभा. महिनाभर सगळ्यांनी पोटात धरून ठेवलेलं काहीतरी मोकळं झाल्यासारखा तो वर्ग हसत होता. टेबलावरची दोन फुलं घरंगळून खाली पडली. नवनाथराव एक हात छातीच्या टाक्यांवर धरून, जपून, पण पोट हलवून हसत होते.

एकटी सायली हसत नव्हती. तिला अजून कळलं नव्हतं.

त्यांनी तिला जवळ ओढलं. खोकं तिच्यासमोर हात लांब करून धरलं, भिंतीवर टांगल्यासारखं.

"घरात फोटोला हार कधी घालतात गं, सायले?"

तिनं पाहिलं. चौकट पाहिली, काळापांढरा चेहरा, किरणं, समया, खालची ओळ. तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला आणि तिथंच राहिला. बोटांवरून पाणी ओघळलं.

नवनाथरावांनी खोकं टेबलावर ठेवलं, तिचा तो ओला हात तोंडावरून काढला आणि नव्या शर्टावर, टाक्यांच्या बाजूला, जिथं आत धकधक चालली होती तिथं, दाबून धरला.

"मेलो नाय गं मी," ते म्हणाले. "वाचलो."